बिनपगारी

ऑक्टोबर. नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का. पहाटेचे साडेपाच.
शेडचं दार वर सरकवते तेव्हा
वारा माझ्याआधी आत शिरतो, ओळखपत्र न दाखवता.
वॉशिंग्टनमध्ये सरकार बंद आहे.
इथे मी आहे, आणि फुगा.

आईला फोनवर नीट सांगता आलं नाही.
"पडलं का सरकार?"
नाही गं. आपल्याकडे पडतं.
इथे पडत नाही, बंद होतं.
"म्हणजे दुकानं, एसट्या?"
दुकानं उघडी, मालगाड्या चालू,
शाळेची पिवळी बस वेळेवर.
फक्त दोन सभागृहांचं एका आकड्यावर जमेना,
आणि तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे,
राष्ट्राध्यक्षाकडे नाही.
ती तशी मुद्दामच ठेवली होती
राजाला विटलेल्या माणसांनी.
"मग पगार?"
मिळेल. नंतर.
"मग जातेस कशाला?"
आई, मी कागदोपत्री अत्यावश्यक आहे.
ती हसली, अकोल्यापासून इथपर्यंत ऐकू येईल इतकं:
"बिनपगारी, फुल अधिकारी!"

नळीतून वायू सुसू करत भरतो.
फुगा आधी आळसावतो, मग अंग धरतो,
मग मलाच ओढू लागतो.
दोरीला नारिंगी छत्री,
छत्रीखाली चहाच्या पेल्याएवढी पेटी:
तिला ऊन कळतं, ओल कळते, दाब कळतो,
पक्ष कळत नाही.

शपथ घेतली त्या दिवशी
उजवा हात वर करून मी वाट पाहत होते,
कुणाचं नाव घ्यायला लावतात.
कुणाचंच नाही.
एका जुन्या कागदाचं रक्षण करीन, एवढंच.
मला तेव्हा थोडं हसू आलं होतं.
कागदाला काय, वाळवीसुद्धा खाते.

डेल कुचेराच्या फाटकावर पाटी आहे:
सरकार कमी करा.
कुंपणावर कोपर टेकून तो म्हणतो,
"बंदच राहू दे, कुणाचं अडलंय?"
आणि त्याच श्वासात,
"पहिला बर्फ कधी गं? वासरं खाली आणायचीत."
गुरुवारी, मी सांगते. दुपारनंतर.
तो टोपी खाली ओढतो, बुधवारीच ट्रेलर जोडतो.
माझ्यावर त्याचा भरवसा आहे,
सरकारवर काडीचा नाही.

काल दारात दोन डझन अंडी ठेवून गेला.
खोक्यावर पेन्सिलीने:
हे सरकारला नाही, तुला.
डेल, अरे सरकार म्हणजे...
अंडी फ्रिजमध्ये ठेवली. वाक्य तसंच राहिलं.

संध्याकाळच्या पाळीचा वेंडेल
बँकेला पत्र लिहून बसलाय, गाडीचा हप्ता पुढे ढकला म्हणून.
पत्राचा नमुना सरकारनेच पाठवलाय.
तेवढं खातं कसं उघडं होतं, कोण जाणे.

सहा वाजून पाच.
मैदानात येते. आभाळ अजून शाईसारखं.
दोरी सोडते.
ह्याच सुमाराला अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत
नव्वदेक माणसं दोरी सोडत असतील,
लाल राज्यांत, निळ्या राज्यांत,
सगळी माझ्यासारखीच रिकाम्या खिशाने मान वर करून.
फुगा काउंटीची हद्द ओलांडतो, मग राज्याची.
त्याचे आकडे कुणालाही फुकट:
विमानाला, मच्छीमाराला, डेलला,
आणि त्या दोन सभागृहांनाही,
घरी जाताना छत्री लागेल का ते बघायला.

वर, फार वर, तो फुटेल.
पेटी उतरेल कुणाच्या तरी रानात, छापील ओळीसकट:
धोका नाही. सरकारी मालमत्ता.

डेलच्या गोठ्यात अशा तीन आहेत,
खिळ्याला टांगलेल्या, छत्र्यांची घडी घालून.
परत पाठव म्हटलं तर म्हणतो,
"माझ्या रानात पडल्यात. राहू देत."

मी आत येते. हजेरीपत्रक भरते.
तास: आठ.
त्यापुढचा रकाना अजून कोरा.